घरातलं ऑफिस : आधी सवयी मोजा, मग सुताराला बोलवा

घरातली एक खोली ऑफिससाठी काढायची ठरली की सांगली-साताऱ्यातल्या बहुतेक घरांत कामाचा क्रम एकच असतो. आधी रंग, मग सुताराला बोलावून भिंतभर फर्निचर, मग खुर्ची. शेवटी कळतं की प्लग पॉइंट कपाटामागे गेलाय, दुपारी स्क्रीनवर खिडकी चमकते आणि मालक लॅपटॉप उचलून पुन्हा जेवणाच्या टेबलावर जाऊन बसलाय. मग खोली ‘आपली’ वाटावी म्हणून सुविचाराचं पोस्टर आणि एक कुंडी आणली जाते. तेवढ्यानं खोली आपली होत नाही. माणूस कागद कुठे टाकतो, फोनवर बोलताना बसतो की येरझाऱ्या घालतो, त्याच्याकडे कोण येतं, मांडी घालून बसतो की पाय सोडून, यात त्याचा स्वभाव असतो. खोली यावरून आखायची. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा गाळला तर भिंत पुन्हा फोडावी लागते.

## टप्पा १ : आठ दिवसांची वही

काहीही विकत घेण्यापूर्वी आठ दिवस, सध्या जिथे बसून काम करता तिथेच, एका वहीत नोंद ठेवा. रविवारही धरा, कारण अनेकांचं खरं काम रविवारीच उरकतं. नोंदायचं ते एवढंच :

- कोणत्या वेळी बसलात आणि किती वेळ सलग बसलात.
- हात लांब करून दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा काय घेतलं. ही यादी सहसा दहा वस्तूंच्या पुढे जात नाही.
- उठून कशासाठी जावं लागलं : चार्जर, चष्मा, फाइल, पाणी.
- फोनवर बोलताना काय केलंत.
- बाहेरचं कोण आलं, किती वेळ बसलं, घराच्या कुठल्या भागातून आत आलं.
- दिवस संपल्यावर टेबलावर काय पडून होतं. रोज रात्री त्याच जागेवरून मोबाइलवर एक फोटो काढा.

हे आठ फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा, सगळ्यात जास्त माहिती त्यांतूनच मिळते. काहींना समोर पसारा लागतोच. कागद ड्रॉवरमध्ये गेला की काम विसरलं जातं. अशा माणसाला बंद कपाटं करून दिली तर महिन्याभरात टेबलावर ढीग उभा राहतो आणि आत नुसती रिकामी जागा. त्याला उघड्या फळ्या आणि समोरची पिनअप भिंत हवी. उलट काहींना एक पेन आडवं पडलं तरी खटकतं. त्यांना दारं असलेली साठवण द्या आणि टेबलावर काही कायमचं ठेवू नका.

येरझाऱ्या घालणाऱ्यांसाठी खोलीत सलग आठ-नऊ फुटांची मोकळी पट्टी सोडा, भले टेबल फूटभर लहान झालं तरी चालेल. खुर्चीतही मांडी घालणाऱ्यांना २० इंचांपेक्षा रुंद बैठक आणि काढता येणारे हात लागतात. ज्यांचं काम जमिनीवरच सुचतं, त्यांना खुर्ची-टेबलाची सक्ती कशाला? अडत दुकानात गादीवर दिवाणजी बसतात तसं उतरतं बैठं डेस्क, साधारण १० ते १२ इंच उंच, खाली चार इंचांची गादी आणि पाठीला भिंतीचा किंवा लोडाचा आधार, हेही पूर्ण ऑफिस आहे. मिरजेत सतार किंवा गाणं ऑनलाइन शिकवणाऱ्यांना तर हेच सोयीचं पडतं. फक्त कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास हवा.

तपासा : तुमच्या सवयी तीन वाक्यांत लिहून काढा. ‘मी कागद समोर ठेवतो. मी उभा राहून बोलतो. आठवड्यात चार माणसं भेटायला येतात.’ ही तीन वाक्यं सुतारालाही वाचून दाखवायची आहेत.

## टप्पा २ : खोली निवडणं

‘रिकामी आहे’ म्हणून मागची खोली घेतली जाते. ती रिकामी का राहिली ते आधी बघा. बहुतेकदा ओल, पश्चिमेचं ऊन किंवा शेजारचा पंप यांपैकी काहीतरी सापडतं.

ओल. साताऱ्यात, आणि पाटण-महाबळेश्वरकडे तर फारच, पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बाहेरच्या भिंती आधी ओल धरतात. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या अंगाला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या अंगाला जमले तर हवेतला दमटपणा आहे, तो खिडकी-पंख्याने आटोक्यात येतो. भिंतीतून पाणी येत असेल तर आधी बाहेरून गिलावा आणि गच्चीची दुरुस्ती करा. ओल्या भिंतीवर पुट्टी लावली की एका पावसाळ्यात पोपडे धरतात, हे दर वर्षी घडतं आणि दर वर्षी रंगाला दोष दिला जातो.

पूर. सांगलीत कृष्णेकाठच्या भागात २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी घरांत शिरलं. तुमच्या घरात शिरलं असेल तर ऑफिस वरच्या मजल्यावर न्या. तळमजल्यावाचून इलाजच नसेल तर भिंतीत ठोकलेलं फर्निचर करू नका. टेबल लोखंडी पायांचं, बोल्ट काढून दोन माणसांनी जिन्यावरून नेता येईल असं करा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) एकदा भिजला की फुगतो आणि परत बसत नाही, तो तळमजल्यावर नकोच. महत्त्वाचे कागद मुठीच्या पेट्यांत ठेवा. एका पेटीचं वजन भरल्यावर एका माणसाला उचलेल एवढंच. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी वाढत असताना कपाटातून फाइली निवडत बसायला वेळ नसतो.

जुना वाडा. सांगलीचा गावभाग असो की साताऱ्यातल्या पेठा, वाड्यातल्या माती-दगडाच्या भिंतीत रॉलप्लग (स्क्रूसाठी भोकात बसवायचं बूच) धरत नाही. ड्रिल मारलं की भोक बोटभराचं मूठभर होतं. अशा भिंतीवर फळ्या टांगू नका. जमिनीवर उभं राहणारं रॅक घ्या आणि वरच्या टोकाला तुळईला एका पट्टीने बांधा. कोनाडे मात्र बुजवू नका. आठ-दहा इंच खोल कोनाड्यात रोजच्या लागणाऱ्या वस्तू इतक्या नेमक्या बसतात की वेगळी फळी करायची गरजच पडत नाही.

भेटायला येणारी माणसं. करसल्लागार, वकील, विमा प्रतिनिधी, शिकवणी घेणारे यांच्याकडे दिवसभर राबता असतो. त्यांची खोली दारापासून पहिली हवी. पक्षकार स्वयंपाकघरावरून आत येणार असेल तर घरातली माणसं आठ दिवसांत वैतागतात.

मापं : बसून काम करणाऱ्या एका माणसासाठी ७ बाय ८ फूट पुरतं. समोर दोन भेटणारे बसणार असतील तर ९ बाय १० पेक्षा कमी घेऊ नका.

## टप्पा ३ : खडूने आखणी आणि उजेडाची परीक्षा

खोली पूर्ण रिकामी करा. जमिनीवर खडूने टेबल, खुर्ची, कपाट खऱ्या मापाने काढा. टेबल ४ बाय २ फूट. दोन स्क्रीन किंवा पसरट कागदपत्रं असतील तर ५ बाय २.५. टेबलाच्या कडेपासून मागे खुर्चीसाठी ३ फूट. जाण्या-येण्याची वाट अडीच फूट. कपाटाचं दार आणि खोलीचं दार दोन्ही उघडी असतानाच्या रेषाही काढा, कारण ती एकमेकांवर आपटणं ही नेहमीची चूक आहे.

मग उजेड. खिडकी पाठीमागे असली तर स्क्रीनमध्ये तीच दिसते. समोर असली तर बाहेरचा लख्ख उजेड आणि स्क्रीन यांच्यात डोळे थकतात. खिडकी बाजूला हवी, आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूला, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. डावखुऱ्यांचं उलट.

तपासा : स्क्रीन जिथे येणार तिथे, त्याच उंचीवर, एक छोटा आरसा उभा धरा. सकाळी ९, दुपारी १ आणि ४ वाजता खुर्चीच्या जागेवर बसून बघा. आरशात खिडकी किंवा ट्यूबलाइट दिसली तर टेबल फिरवा. यात पडद्यावर भिस्त ठेवू नका. दिवसभर पडदा ओढून काम करायचं तर खिडकीची खोली घेऊन काय मिळवलं?

उत्तरेची खिडकी उत्तम, पण आपल्याकडे साधारण १७ अंश अक्षांशावर सूर्य मेपासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारीही किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर उत्तरेच्या खिडकीतून तिरपं ऊन येतंच. पावसाळी ढगांआधीचा मे महिना एवढाच त्रास. बाहेरून दीड फुटाचं छज्जं पुरतं. पश्चिमेच्या खिडकीला मात्र बाहेरून बांबूची चिक किंवा जाळी लावा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर खोली तापलेली असते.

## टप्पा ४ : वायरमन आधी, रंगारी नंतर

टेबलाची जागा नक्की झाली की वायरमनला खडूची आखणी दाखवून भिंतीवर खुणा करून घ्या. बोर्ड किती लागतील ते बोटांवर मोजा : लॅपटॉप, दुसरा स्क्रीन, राउटर, मोबाइल, टेबल-दिवा, प्रिंटर. सहा झाले. त्यात दोन मिळवा. यांतले चार पॉइंट टेबलाच्या पातळीच्या वर सहा इंचांवर, म्हणजे जमिनीपासून साधारण तीन फुटांवर हवेत, बाकीचे खाली. पुराच्या भागात खालचेही वर घ्या.

अर्थिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. लॅपटॉपच्या धातूच्या कव्हरवर हात फिरवताना मुंग्या आल्यासारखं वाटत असेल तर बहुधा अर्थिंग नाही. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या पिनेला तारच जोडलेली नसते. वायरमनला टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावून दाखवायला सांगा.

वीज जाणं धरूनच चाला. लॅपटॉप ६५, राउटर १२, एलईडी दिवा २०, साधा पंखा ७५ वॅट, म्हणजे साधारण १७० वॅट. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची नवी बॅटरी एवढ्या लोडवर सहा-सात तास चालते. बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, तो लावला तर आणखी वाढतात. राउटरचा पॉइंट इन्व्हर्टरवर घ्यायला हमखास विसरलं जातं. लेझर प्रिंटर मात्र इन्व्हर्टरवर नको. गरम होताना तो क्षणात हजारभर वॅट ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.

इंटरनेटसाठी वायफायवर विसंबू नका. वाड्याची दीड-दोन फुटांची भिंत सिग्नल खाऊन टाकते. विजेच्या पाइपापासून वेगळा, इंटरनेटच्या केबलसाठी एक रिकामा पाइप राउटरपासून टेबलापर्यंत आताच टाकून घ्या आणि त्यात ओढायची तार सोडा. आत्ता खर्च एका पाइपाचा. नंतर तोच खर्च भिंत फोडण्याचा.

क्रम : भिंतीला खाच, पाइप, गिलाव्याची दुरुस्ती, सात दिवस पाणी, तीन-चार आठवडे वाळणं, मग पुट्टी, प्रायमर आणि रंगाचा पहिला हात. यानंतर सुतार. रंगाचा शेवटचा हात सुतारकामानंतर. दिवाळीपूर्वी खोली हवी असेल तर खाच पाडायचं काम एप्रिल-मेमध्ये उरका. पावसाळ्यात गिलावा वाळत नाही.

## टप्पा ५ : टेबलाची उंची माणसावरून

सुतार न विचारता टेबल ३० इंच करतो. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईंना ते चार इंच जास्त होतं. खांदे उचलून टाइप करावं लागतं आणि महिन्याभरात मान धरते. दोष कॉम्प्युटरला मिळतो.

मोजायची पद्धत : खुर्ची आधी घ्या. पाय जमिनीला पूर्ण टेकवून बसा, दंड अंगालगत, कोपर काटकोनात. कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावा. टायपिंगचं काम असेल तर टेबलाचा वरचा पृष्ठभाग याच उंचीवर किंवा दोन-चार सूत खाली. हाताने लिहिणं जास्त असेल तर इंचभर वर.

एकाच टेबलावर घरातली दोन माणसं वेगवेगळ्या वेळी बसणार असतील तर टेबल उंच माणसाच्या मापाने करा. बुटक्या माणसाने खुर्ची वर घ्यायची आणि पायांखाली पाट ठेवायचा. घरातला जेवणाचा जुना पाट दोन-तीन इंच असतो, तोच चालतो. सरकू नये म्हणून खाली रबराचे चार तुकडे लावा.

मांड्यांच्या वर ड्रॉवर करू नका. चार इंचांचा ड्रॉवर आला की गुडघे अडकतात आणि माणूस टेबलापासून लांब बसतो. ड्रॉवर बाजूला, चाकांवरचा वेगळा खण म्हणून करा.

स्क्रीन हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. नुसता लॅपटॉप वापरणाऱ्यांना हे जमत नाही. लॅपटॉप पाच-सहा इंच वर ठेवून वेगळा कीबोर्ड घ्यावाच लागतो.

प्लायवूड १९ मिलिमीटरचं, कमीत कमी बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या) प्रतीचं. शीटवर आयएस ३०३ च्या शिक्क्यासोबत बीडब्ल्यूआर लिहिलंय का ते बघून घ्या. ओलीच्या किंवा पुराच्या घरात आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लाय. ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये ४ बाय २ चा टॉप, दोन बाजू आणि दोन-तीन फळ्या निघतात. सनमायका फक्त वरच्या बाजूला लावला तर फळी वर्षभरात वाकते. खालूनही पातळ लॅमिनेट लावायला सांगा. आणि रंग निवडताना काचेसारखा चकचकीत सनमायका नको, त्यात वरचा दिवा दिसतो.

## टप्पा ६ : साठवण, वस्तू मोजून

‘भरपूर कपाटं करा’ असं सुताराला सांगू नका. जे ठेवायचं ते जमिनीवर मांडून टेपने मोजा. एक बॉक्स फाइल साधारण तीन इंच रुंद, म्हणजे तीन फुटांच्या फळीवर अकरा-बारा बसतात. दोन फळ्यांमध्ये १४ इंच आणि खोली १२ इंच लागते. वकिलांचे लीगल कागद १४ इंच लांब असतात, त्यांना १५ इंच खोल फळी हवी. पुस्तकांना दहा इंच खोली पुरे. जास्त खोल केली की मागे दुसरी रांग लागते आणि ती कधीच वाचली जात नाही.

इशारा : पुस्तकांची १९ मिलिमीटरची फळी तीन फुटांपेक्षा लांब ठेवू नका. मधे आधार नसला तर ती वर्षा-दोन वर्षांत झोळीसारखी खाली येते.

आता टप्पा १ ची वही पुन्हा काढा. तीनदा हात गेलेल्या वस्तू खुर्चीतून न उठता मिळतील अशा, हातभर कक्षेत. आठवड्यातून लागणाऱ्या उभं राहून मिळतील अशा. वर्षातून एकदा लागणारं सगळं माळ्यावर.

तासगावकडच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर छाटणीपासून माल जाईपर्यंत फवारणीची वही, औषधांची बिलं, प्लॉटनिहाय नोंदी रोज लागतात, तेही बागेतून चिखलाच्या पायांनी आल्या आल्या. त्याच्या ऑफिसचा जीव दाराशेजारच्या दोन फुटांत असतो : उभं राहून लिहायला ४० ते ४२ इंच उंचीची एक फळी, वर प्लॉटच्या क्रमाने टांगलेल्या वह्या, खाली पुसता येणारी फरशी, शेजारी हात धुवायची सोय. औषधाच्या बाटल्या मात्र या खोलीत नकोत, त्यांना बाहेर कुलपाचं कपाट. बसायचं टेबल महिन्यातून दोनदा लागतं, ते छोटं चालेल. याच माणसाला शहरी पद्धतीचं भव्य टेबल दिलं तर नोंदी ओट्यावर बसून होतील आणि टेबलावर धुतलेले कपडे येतील.

भेटणारी माणसं येत असतील तर त्यांची खुर्ची समोरासमोर न ठेवता टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात ठेवा. कागद दोघांना दिसतो आणि बोलणं मोकळं होतं. दुसऱ्या पक्षकाराच्या फाइलीवरचं नाव त्या खुर्चीतून दिसता कामा नये. हे स्वतः तिथे बसून तपासा.

## टप्पा ७ : आवाज, रंग, वस्तू

फरशी, चार कोऱ्या भिंती, स्लॅब अशा खोलीत टाळी वाजवा. आवाज घुमला तर व्हिडिओ कॉलवर तुम्ही विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येता. जमिनीवर सतरंजी, एका भिंतीवर भरलेलं पुस्तकांचं रॅक किंवा टांगलेली गोधडी, जाड पडदा, एवढ्याने बराच फरक पडतो. दाराखालची अर्ध्या इंचाची फट रबरी पट्टीने बंद करा. घरातला कुकरचा आवाज तिथूनच येतो.

रंग सवयीने निवडा. स्क्रीनच्या मागची भिंत फिकट आणि मॅट. गडद रंगाचीच आवड असेल तर तो पाठीमागच्या भिंतीला द्या. काम करताना डोळ्यांसमोर येत नाही आणि कॉलवर उठून दिसतो. रंगपट्टीवर पसंत केलेला रंग भिंतीवर बहुतेकदा जास्त गडद वाटतो, म्हणून दोन फूट चौरसाचा नमुना लावून दिवसा आणि रात्रीच्या दिव्यात दोन दिवस बघा. दिवे ४००० केल्विनच्या आसपासचे, म्हणजे ना पिवळे ना निळसर पांढरे, असे घ्या. एक छताला, एक टेबलावर लिहिण्याच्या हाताच्या विरुद्ध बाजूला.

वस्तू सगळ्यात शेवटी, आणि एका वेळी एकच. आजोबांची अडकित्त्याची पेटी पिनांसाठी, वडिलांचा शिवणयंत्राचा बिडाचा सांगाडा प्रिंटरच्या टेबलाखाली, ट्रेकरच्या भिंतीवर साताऱ्याच्या किल्ल्यांचा नकाशा. वस्तू कामाला येत असेल किंवा रोज नजर जाईल अशी असेल तरच आत घ्या. ट्रॉफ्यांचं शोकेस ऑफिसात आलं की वर्षभर फक्त धूळ पुसावी लागते.

## टप्पा ८ : महिनाभर एक भिंत कोरी

खोली वापरात आल्यावर निदान एक भिंत महिनाभर तशीच सोडा. एकही खिळा नको. घड्याळ, कॅलेंडर, बोर्ड चिकटपट्टीने तात्पुरते लावा आणि ज्या जागेकडे नजर आपोआप जाते तिथे सरकवत राहा. पहिल्या पंधरा दिवसांत एक्स्टेंशन बोर्ड ओढून घ्यावा लागला, तर तो कुठून कुठे ओढला याची खूण करा. वायरमनच्या पुढच्या खेपेला तिथेच पॉइंट हवा. महिन्याच्या शेवटी पुन्हा आठ दिवस रात्रीचे फोटो काढा आणि पहिल्या आठांशेजारी ठेवा. ज्या वस्तू अजूनही जमिनीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर दिसतील, त्यांच्यासाठी त्या कोऱ्या भिंतीवर जागा करा, आणि मगच ड्रिल मशीन काढा.